दोन नावांची साडेसाती

ज्या दिवशी माझा शनी सुटणार होता, त्या दिवशी सकाळी मी घर सारवायला घेतलं आणि अर्ध्यातच भिंतीला टेकून बसले. हात चालेनात. खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता, तर अंगात नुसता शीण भरून राहिला होता. इतकी वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली तो उजाडला, आणि मला वाटत होतं की गोधडी ओढून पडावं आणि कुणी हाक मारू नये.

माझी आते सोनूबाई आदल्या दिवशीच मालगुंडाहून आली होती. तरीच्या होडीने खाडी उतरून, भर उन्हातून चालत आली बिचारी. ती चुलीपाशी भाकरी थापत होती नि अधूनमधून माझ्याकडे बघत होती.

"काय गो, नव्या नवरीगत बसलीस ती," ती म्हणाली.

"नवरी कसली, म्हातारी झाले मी."

"म्हातारी मी. तुझी तिशी उलटली असेल-नसेल. ऊठ, ते शेण वाळतंय."

उठले. आते आली होती ती उगीच नव्हती आली. माझा पाट लावायचा का नाही, ते त्या दिवशी ठरायचं होतं, आणि माहेरचं मोठं माणूस म्हणून आता तीच एक उरली होती. आम्हा भंडाऱ्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरा घरोबा करता येतो, त्यात काही चोरी नाही. चोरी नव्हती, अडचण होती. आणि ती अडचण म्हणजे शनी.

हे मागचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. मागचं सांगायचा मला कंटाळा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

आमच्या रत्नागिरीला आगबोट किनाऱ्याला लागत नाही. ती लांब नांगर टाकते आणि उतारूंना पडावात बसवून धक्क्यावर आणतात. माझा नवरा पडावावर होता. नाव घेऊ नये म्हणतात, पण सांगायचं तर घ्यावंच लागतं. दादू. दिवाळी होऊन गेली होती, समुद्र तसा निवलेला होता. आगबोटीच्या शिडीपाशी पडाव लावताना पाणी एकदम उचललं, दादूचा तोल गेला आणि तो आगबोट नि पडाव यांच्यामध्ये सापडला. त्याला उचलून घरी आणणाऱ्यांत त्याच पडावावरचा हरिश्चंद्र होता. पुढचं वर्ष पुरतं फिरायच्या आत माझा मुलगा तापाने गेला. नुकता कुठे नीट बोलायला लागला होता. त्याच्याबद्दल मी याहून जास्त सांगणार नाही. सांगवत नाही.

माझी सासू यमुनाबाई. तिचा मुलगा गेला, नातू गेला, तिचं दुःख काही लहान नव्हतं, पण ते सगळं तिने माझ्या पायांवर आणून घातलं. मी पांढऱ्या पायाची. घरात म्हणायची, विहिरीवर म्हणायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगायची. पहिल्यांदा मला राग यायचा. मग राग येईनासा झाला, आणि ते त्याहून वाईट. मी पाय धुताना पायांकडे बघत राहायची. खरंच वाटायला लागलं होतं मला, की या घरात मी पाऊल टाकलं आणि एकेकाला खाल्लं.

त्यानंतरच्या पाडव्याला मी जोशीबुवांच्या अंगणात गेले. आमच्याकडे पाडव्याला जोशीबुवा पडवीत बसून नव्या वर्षाचं पंचांग मोठ्याने वाचतात. पाऊस कसा, धान्य कसं, मग एकेक रास घेऊन तिला वर्ष कसं जाईल ते. वाडीतले सगळे खाली अंगणात बसून ऐकतात आणि जाताना त्यांना शिधा देतात. सगळे उठून गेले तरी मी बसून राहिले. बुवांनी पोथी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तुझं काय गो?"

मी म्हटलं, "माझ्यामागे काय लागलंय ते बघा."

"नाव काय?"

"गंगू."

वेळ लिहून ठेवून पत्रिका करायची रीत आमच्यात कुठली? मग रास काढायची ती नावाच्या पहिल्या अक्षरावरून. बुवांनी बोटं मोजली. गा, गी, मकर. मग पंचांग परत उघडलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "साडेसाती आहे तुला. तुझा नवरा गेला त्याच्या आधीच लागलेली आहे. शनी डोक्यावर बसतो, मग छातीवर उतरतो, मग पायावर, आणि पायावरून निघून जातो. यात तुझा दोष काही नाही, बाई. ग्रह आहे तो."

तुझा दोष नाही. हे शब्द मला तोवर कुणी म्हटले नव्हते. मी तिथेच पदर तोंडावर घेऊन रडले. बुवा बिचारे गडबडले, आतून पाणी मागवलं. त्यांना काय माहीत मी कशाला रडत होते ते. पांढरे पाय मरेपर्यंत पांढरेच राहतात हो. शनी निदान सरकतो तरी.

"सुटेल कधी?" मी विचारलं.

त्यांनी हिशेब करून साल सांगितलं. शिमग्याच्या अलीकडे, म्हणाले. लांब होतं. पण लांब असलं तरी ते होतं.

तेव्हापासून मी शनिवार धरला. मारुतीला तेल घालायची, एक वेळ जेवायची. उरलेले दिवस नारळाची सोडणं, काथ्याच्या त्या साली, कुजवायची, मोगरीने झोडायची आणि सुंभ वळायची. हाताची कातडी सोलून निघायची, खाडीच्या चिखलाचा वास केसांत बसायचा तो जायचा नाही. सासू पांढऱ्या पायाचं बोलत राहिली, ते काही बंद झालं नाही. पण मला ते लागेनासं झालं. ती बोलायला लागली की मी मनात म्हणायची, बोल म्हातारे, तुझ्या सुनेला ग्रह आहे, तुला काय कळतंय.

शाळेतल्या मास्तरांनी एकदा वाटेत थांबवून मला ज्ञान पाजलं. म्हणाले, गंगूबाई, इतक्या कोसांवरचा तो शनी तुमचं काय वाकडं करणार? मी म्हटलं, मास्तर, लांबच्याने केलं असं मानते म्हणून मी जिवंत आहे. जवळच्याने केलं म्हणायला लागले तर कुणाकुणाची नावं घेऊ? त्यावर मास्तर छत्री सावरत चालते झाले. भोळी म्हणाले असतील मनात. म्हणू देत.

आणि दर पाडव्याला मी अंगणात पुढे जाऊन बसायची. मेष, वृषभ करत करत बुवा मकरेवर आले की मी आणखी पुढे सरकायची. मकरेला आय कमी, व्यय जास्त. मनस्ताप. आप्तवियोग. देहाला कष्ट. लोक ऐकून घेत आणि आपापल्या राशीची वाट बघत. मला मात्र वाटायचं, वर्षातून एकदा का होईना, कुणीतरी माझं दुःख सगळ्या वाडीसमोर मोठ्याने वाचतंय. ते खरं आहे म्हणून वाचतंय. एवढं ऐकलं की मला पुढच्या पाडव्यापर्यंत पुरायचं.

हरिश्चंद्राने विचारलं ते या सगळ्याच्या मध्यावर. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही वाचलं नव्हतं. माझं सुंभ तो पडावासाठी घ्यायचा. एकदा सुंभाचं वेटोळं खांद्यावर टाकून तो तसाच उभा राहिला.

"काय हवंय आणखी?" मी म्हटलं.

"पाट लावू म्हणतो. तुमच्याशी."

असा सरळ बोलणारा माणूस. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला काय दिसलं सांगू? मला तो पडाव आणि आगबोटीच्या मध्ये दिसला. दादू सापडला तिथेच. हा माणूस मला आवडत होता, खोटं कशाला बोलू. म्हणूनच भीती वाटली. आवडत नसता तर हो म्हटलं असतं.

"मला साडेसाती आहे," मी म्हटलं. "माझ्याजवळ येईल त्याचं बरं होत नाही. शनी सुटू दे, मग बघू."

"सुटणार कधी?"

मी साल सांगितलं. तो हसला नाही, चिडला नाही. "बरं," म्हणाला आणि सुंभ घेऊन गेला. त्यानंतर तो थांबला. आषाढात पडाव वर ओढले की माझं छप्पर शाकारून द्यायचा, सासू आजारी पडली तेव्हा वैद्याला घेऊन आला, पण विषय परत काढला नाही. सासू गेल्या पावसाळ्यात गेली. शेवटी शेवटी तिला भरवताना माझाच हात धरायची आणि पांढऱ्या पायाची म्हणायची. मी भरवत राहायची.

ती गेल्यावर हरिश्चंद्राच्या बहिणीने उचल खाल्ली. बुरोंडीची एक सोयरीक तिने आणली, चांगली होती, त्या लोकांना उत्तर हवं होतं. माघात हरिश्चंद्र माझ्या दारात येऊन म्हणाला, "गंगूबाई, तुमचा शनी शिमग्याच्या आधी सुटतोय ना? शिमग्याला बहिणीला काहीतरी सांगावं लागेल मला. मी आता आणखी थांबणार नाही. रागाने नाही म्हणत. दमलो."

"मी पण," मी म्हटलं. आणि मालगुंडाला आतेला निरोप धाडला.

तर असा तो दिवस होता. भाकरी खाऊन आम्ही दोघी नारळ आणि शिधा घेऊन जोशीबुवांकडे गेलो. बुवाही आता थकले होते. पंचांग डोळ्यांशी धरून वाचायचे. त्यांनी बघून मान हलवली.

"सुटली गो गंगू. शनी कुंभेतून मीनेत गेला. मकरेची साडेसाती संपली."

मी वाट बघितली, आत काही हलतंय का म्हणून. काही हललं नाही. फक्त गुडघे दुखत होते.

"पुढच्या कार्याचा दिवसही बघा," आते म्हणाली. मग मला कोपराने ढोसून, "आनंदे, पाया पड गो बुवांच्या."

मी वाकले. बुवांचा हात आशीर्वादाला वर गेला आणि तिथेच राहिला.

"आनंदी कोण?"

"ही काय," आते म्हणाली. "माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर गंगा लिहिलंनी, तेव्हापासून गंगू. आमची ती आनंदीच."

बुवांनी हात खाली घेतला. माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मीच काही चोरलंय. "हे तू मला आजवर सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नाव विचारलंत. मला ज्या नावाने हाक मारतात ते सांगितलं."

आणि खोटं नव्हतं ते. मला सुचलंच नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मी परकर नेसत होते. आई-बाप गेले, माहेर सुटलं, आते खाडीपलीकडे; आनंदी म्हणून हाक मारायला वर्षानुवर्षं कुणी नव्हतं. तुमचं नाव काय असं कुणी विचारलं तर मेलेल्या माणसाचं नाव कुणी सांगतं का?

बुवांनी परत पंचांग डोळ्यांशी नेलं. ओठ हलले. मग त्यांनी पंचांग मांडीवर ठेवलं. आते म्हणाली, "काय ते बोला."

"आ म्हणजे मेष," बुवा म्हणाले. "शनी मीनेत आला की मेषेला साडेसाती लागते."

"कधी?"

"लागली. आजच."

शेजारच्या गोठ्यात गुरं तेवढी पाय आपटत होती. मग मला हसू आलं. मोठ्याने, बुवांच्या अंगणात, कसलीही लाज न बाळगता मी हसले. आते घाबरली, पाठीवरून हात फिरवायला लागली.

"म्हणजे मेला गेलाच नाही," मी म्हटलं. "माझ्याच घरात पुढच्या पडवीतून उठला नि मागच्या पडवीत जाऊन बसला."

"तसं नव्हे," बुवा म्हणाले. "रोजच्या व्यवहाराला चालू नाव धरतात. घरदार, गाव, धंदा, त्याला गंगू. पण लग्नकार्याला, देहाच्या सुखदुःखाला जन्माचं नाव बघावं लागतं. शास्त्र आहे ते."

"मग इतकी वर्षं मी भोगलं ते देहाचं नव्हतं का? ते व्यवहाराचं होतं?"

बुवा उगीच पंचांगाची पानं उलटायला लागले. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. आते मध्ये पडली. "जन्माचं नाव तरी कुठलं हो? ही झाली भात लावणीत, बांधावर. घड्याळ कुणी बघितलं? हिच्या आधीच्या दोन गेल्या आणि ही जगली, म्हणून आजीने आनंदी ठेवलंन. शास्त्र नाही नि बिस्त्र नाही."

"मग हिची खरी रास देवालाच ठाऊक," बुवा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

माझ्या पायाखालचं सगळंच गेलं. साडेसाती लागली याचं एवढं नव्हतं. पण मग अंगणात बसून मी जे ऐकायची ते कुणाचं होतं? मनस्ताप, आप्तवियोग, ते मकरेच्या कुणा दुसऱ्या बाईचं असेल. आणि ते माझं नसेल तर मग दादू कशाने गेला? पोर कशाने गेलं? परत पायांकडे बघायचं का?

बुवांनाच माझ्या तोंडावरून काही कळलं असावं. मऊ आवाजात म्हणाले, "हे बघ. पाट लागला की नवऱ्याने नवं नाव ठेवायला हरकत नाही. पुष्कळजण ठेवतात. वृषभेचं ठेव. वेणू ठेव, वत्सला ठेव. वृषभेला शनी अकरावा, लाभच लाभ. नवं घर, नवं नाव, त्या शनीला तू सापडायची नाहीस."

"नाहीतर यमुना चालेल का?" आते म्हणाली. "सोपं आहे."

"यमुनाही चालेल. वृश्चिक."

"सासूचं नाव?" मी म्हटलं. "आणखी काही सुचत असेल तर तेही सांगून टाका."

घरी येईपर्यंत आते वेणू, वेणू म्हणून बघत होती. "गोड आहे गो," म्हणाली. दुपारी ती आडवी झाली आणि मी मागच्या अंगणात सुंभ वळायला बसले. हात आपोआप चालतात, डोक्याला काही विचारत नाहीत, एवढंच त्या कामाचं सुख.

हरिश्चंद्र आला. पायरीवर बसला. शनीचं काय झालं ते विचारायला तोंड उघडलंन आणि माझ्याकडे बघून मिटलंन. मीच सगळं सांगितलं. गंगूची सुटली, आनंदीची लागली, वृषभ, वेणू, सगळं. तो कान देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "वेणू चांगलं आहे. पण मला काय, गंगू पण चालेल. गंगूची सुटली ना? मग गंगूच राहा की."

खरं होतं त्याचं. एवढं सोपं होतं. मी सुंभाचा पीळ हातात धरून बसले.

"नको," मी म्हटलं.

"का?"

"गंगू दादूची बायको होती. तिने पोर नेऊन पुरलं. म्हातारीचं सगळं केलं, शिव्या खाल्ल्या, शनिवार केले. तिच्यावर आता आणखी काही घालू नका. बसू दे तिला."

तो मान हलवून म्हणाला, "मग वेणू."

"वेणू कोण? मी ओळखत नाही तिला. आनंदीची गंगू झाले तेव्हा मी लहान होते. सासू हाका मारायची नि मला कळायचं नाही की मलाच मारतेय. म्हणायची, सून बहिरी आणली. त्यावरून मार खाल्लाय मी. आता परत कुणाच्या तरी हाकेला ओ द्यायला शिकायचं? मी दमलेय हो. शनी चुकवायला म्हणून लपायचं, त्यालाही बळ लागतं. ते नाही माझ्यात."

"मग उरली आनंदी," तो म्हणाला. "आणि तिला आजच लागली."

"लागली."

आम्ही दोघंही जमिनीकडे बघत होतो. मग मी बोलले, कारण न बोलून आता काही उरलं नव्हतं.

"मला तुमची भीती वाटते. तुम्ही पाण्यावर जाता. इतकी वर्षं तुम्हाला लांब ठेवलं ते त्यासाठीच. शनी सुटला की भीती सुटेल असं धरून चालले होते. ती सुटली नाही. उद्या तुम्ही वेणू ठेवलंत तरी सुटायची नाही. परवाही वाटणार आहे. तुम्ही बुरोंडीची केलीत तरी मला वाटणारच आहे, फक्त मग मला तसं कुणाला सांगता यायचं नाही."

तो सुंभाचा एक धागा बोटाला गुंडाळत ऐकत होता.

"एक साडेसाती मी एकटीने काढली," मी म्हटलं. "दुसरी एकटीने काढायची नाही मला. भ्यायचंच आहे तर घरात माणूस असताना भिईन. तुमची तयारी असेल तर बहिणीला तसं सांगा. नसेल तर बुरोंडीची बघा, मी रागावणार नाही."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. पण ते त्यालाही कळलं असावं, कारण तो पहिल्यांदाच हसला. उठला, धोतर झटकलं.

"उद्या सकाळी बोट आहे," म्हणाला. "ती करून येतो आणि दुपारी आतेशी बोलतो. आतेला सांगून ठेवा, कुठे जाऊ नको म्हणावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंदरावर गेले. दादू गेल्यापासून त्या धक्क्यावर मी पाय ठेवला नव्हता. बाजाराला जायचं तरी वरच्या वाटेने जायची. कशाला गेले ते मला सांगता येणार नाही. घरी बसून कान टवकारून राहण्यापेक्षा समोर उभं राहून भ्यावं, असं काहीसं असेल. आगबोट लांब उभी होती. पडाव तिच्या पोटाशी जाऊन लागला तशी मी तिथल्याच एका मासळीवालीच्या पाटीशेजारी खाली बसले. तिने विचारलं, "बरं नाही का गो?" मी म्हटलं, "नाही."

शिडीवरून माणसं उतरत होती. ट्रंका, वळकट्या, रडणारं एक पोर. पडाव वर जात होता, खाली येत होता. दर वेळी आगबोट नि पडाव यांच्यामधली ती काळी फट उघडायची आणि मिटायची, आणि मी तिच्याकडे बघत होते. मारुतीचं नाव घ्यावं असं मनात आलं, पण तेही आलं नाही तोंडात. मी फक्त बघत राहिले.

मग पडाव सुटला. वल्ही पडायला लागली. तो जवळ जवळ येत गेला तशी मी उठून उभी राहिले. माणसं ओळखू यायला लागली. पुढच्या टोकाला हातात दोर घेऊन हरिश्चंद्र उभा होता, भिजलेला, धडधाकट. त्याने मला बघितलं. धक्क्यावर माणसांची ही गर्दी, हमाल, टांगेवाले, उतारूंना न्यायला आलेले सोयरे, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून त्याने हाक मारली.

"आनंदी."

मी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतोय म्हणून. मागे कुणी नव्हतं.

मग मी ओ दिली.